यकृताच्या कर्करोगाची पेशी पकडायची, तर आधी रक्त किती तपासलं ते सांगा

यकृताच्या कर्करोगाच्या पेशी शोधणाऱ्या बायोसेन्सरवरचा (जैविक रेणूने पेशी धरून तिचा संकेत देणाऱ्या उपकरणावरचा) शोधनिबंध उघडला की सारांशात एक आकडा हमखास भेटतो. शोधमर्यादा, म्हणजे सेन्सरला दिसणारं सर्वांत कमी प्रमाण: मिलिलिटरला ५ पेशी, कधी २, कधी १. हा आकडा वाचल्यावर लगेच दुसरा शोधावा. इलेक्ट्रोडवर, म्हणजे सेन्सरच्या धातूच्या चकतीवर, नमुना किती टाकला होता? बहुतेक ठिकाणी उत्तर २० ते १०० मायक्रोलिटर असं मिळतं. मिलिलिटरला १ पेशी असेल, तर १०० मायक्रोलिटरच्या थेंबात सरासरी ०.१ पेशी येते. म्हणजे दहातल्या नऊ थेंबांत पेशीच नसते, आणि जी पेशी थेंबात नाही ती कोणत्याही सेन्सरला सापडणार नाही.

इथे पॉइसाँचं गणित, म्हणजे विरळ गोष्टी नमुन्यात योगायोगाने किती येतील याचं गणित, लागू होतं आणि ते टाळता येत नाही. तपासलेल्या नमुन्यात सरासरी १ पेशी अपेक्षित असेल तर ३७ टक्के वेळा एकही येत नाही. सरासरी २ असेल तर सुमारे १४ टक्के वेळा, ३ असेल तर ५ टक्के वेळा. सेन्सर शंभर टक्के अचूक धरला तरी ९५ टक्के खात्रीसाठी नमुन्यात सरासरी ३ पेशी हव्यातच. पकडण्याची क्षमता ७० टक्के असेल, तर त्या ३ च्या जागी ४.३ लागतात. रुग्णाच्या रक्तात २ मिलिलिटरमागे १ पेशी असेल, तर साडेआठ मिलिलिटरच्या आसपास रक्त पूर्णच्या पूर्ण तपासावं लागेल. रक्तातल्या कर्करोगपेशी मोजणाऱ्या सेलसर्च यंत्राला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये स्तनाच्या कर्करोगासाठी मान्यता दिली. ते यंत्र ७.५ मिलिलिटर रक्त घेतं, हेही याच गणिताशी जुळतं.

म्हणून माझं मत ठाम आहे: पेशी पकडणाऱ्या सेन्सरची गुणवत्ता आधी त्याने किती रक्त गाळलं यावरून ठरते, मग त्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींना त्याने कितपत दूर ठेवलं यावरून, आणि विद्युत-संकेत किती बारीक वाचता येतो हे त्यानंतर. प्रयोगशाळांमध्ये सगळी मेहनत मात्र तिसऱ्या गोष्टीवर होताना दिसते.

प्रथिनाचा प्रश्न आणि पेशीचा प्रश्न वेगळा

‘लवकर निदान’ या एकाच मथळ्याखाली दोन अगदी निराळी कामं येतात. एक म्हणजे रक्तातली प्रथिनं मोजणं, दुसरं म्हणजे अख्खी पेशी पकडणं.

अल्फा-फीटोप्रोटीन, म्हणजे एएफपी, हे सर्वांत जुनं खूणप्रथिन. १९६३ मध्ये अबेलेव्ह यांनी ते यकृताची गाठ असलेल्या उंदरांत दाखवलं आणि १९६४ मध्ये तातारिनोव्ह यांनी रुग्णांत. नेहमीची सीमा आहे मिलिलिटरला २० नॅनोग्रॅम. एएफपीचं वजन सुमारे ७० किलोडाल्टन धरलं, तर ही सीमा ०.२९ नॅनोमोलर होते आणि १०० मायक्रोलिटरच्या थेंबात जवळपास १,७०० कोटी रेणू असतात. रेणूंची टंचाई कुठेच नाही. त्यामुळे फेम्टोग्रॅमपर्यंत एएफपी मोजण्याचा दावा ऐकायला छान वाटला तरी रुग्णाला त्याने काही मिळत नाही, कारण निरोगी माणसाच्या रक्तातही मिलिलिटरला काही नॅनोग्रॅम एएफपी असतंच. इथे हवी आहे ती ५ ते ५० नॅनोग्रॅमच्या पट्ट्यातली काटेकोर पुनरावृत्ती: तोच नमुना दहा वेळा लावला तर दहाही उत्तरं १० टक्क्यांच्या आत यायला हवीत.

एएफपीची खरी अडचण जीवशास्त्रात आहे. २० च्या सीमेवर ते साधारण ६० टक्के रुग्णांत वर जातं. उरलेल्यांच्या गाठी ते पुरेसं बनवतच नाहीत. उलट हिपॅटायटिस उफाळला की, गरोदरपणात, किंवा बीजपेशींच्या गाठींत ते कर्करोग नसताना वाढतं. म्हणून एएफपी-एल३ हा फ्यूकोज जोडलेला प्रकार मोजतात, जो मसुरीच्या बियांतल्या लेक्टिनला (साखर ओळखणाऱ्या प्रथिनाला) चिकटतो. सोबत डीसीपी, म्हणजे अपुरं कार्बॉक्सिलेशन झालेलं प्रोथ्रॉम्बिन. वॉरफरिन घेणाऱ्याचं किंवा ‘के’ जीवनसत्त्व कमी असलेल्याचं डीसीपी कर्करोग नसतानाही वाढलेलं दिसतं, हे नमुन्याच्या अर्जावरच विचारून घ्यायला हवं. ही तिन्ही प्रथिनं, वय आणि लिंग मिळून ‘गॅलाड’ हा गुणांक काढतात. प्रथिनांचा सेन्सर बनवणाऱ्याने एका प्रथिनाची शोधमर्यादा आणखी हजार पटींनी खाली नेण्यापेक्षा एकाच पट्टीवर तीन मार्गिका बसवाव्यात.

पेशीचं तसं नाही. तिथे टंचाई खरी आहे. गाठ २ सेंटिमीटरच्या आतली असेल तर हाताच्या शिरेतून काढलेल्या पूर्ण नळीतही अनेकदा एकही पेशी नसते. यकृतातून निघालेली पेशी यकृतशिरेतून हृदयात आणि तिथून फुप्फुसांच्या केशवाहिन्यांत जाते, आणि बऱ्याच पेशी तिथेच अडकतात. त्यामुळे हाताच्या शिरेतल्या रक्तात त्या आणखी विरळ होतात.

पेशीवरची कोणती खूण धरायची

सेलसर्चसारखी यंत्रं एपकॅम या पेशीच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनावर चालतात. यकृताच्या कर्करोगात ही निवड लंगडी पडते, कारण या गाठींपैकी मोठ्या हिश्श्यात एपकॅम फारसं नसतंच. यकृतासाठी दोन चांगले पर्याय आहेत. पहिला, एशियालोग्लायकोप्रोटीन ग्राहक. तो यकृतपेशींच्या पृष्ठभागावर लाखाच्या घरात असतो आणि रक्तपेशींवर जवळजवळ नसतो. दुसरा, ग्लिपिकन-३. निरोगी प्रौढ यकृतात तो दिसत नाही आणि बहुसंख्य कर्करोगांत दिसतो, पण लहान आणि सौम्य दिसणाऱ्या गाठींत त्याचं प्रमाण कमी असतं, म्हणजे नेमकं जिथे तो हवा तिथेच.

या दोघांचा अर्थ वेगळा आहे. पहिला सांगतो ‘ही पेशी यकृताची आहे’, दुसरा सांगतो ‘ही बिघडलेली आहे’. बायॉप्सी किंवा शस्त्रक्रियेनंतर साध्या यकृतपेशीही रक्तात येतात, तेव्हा एकट्या पहिल्या खुणेवर निकाल देता येत नाही. मला पटणारी रचना अशी: पकड पहिल्या खुणेची, आणि पकडलेल्या पेशीवर संकेत देणारं लेबल ग्लिपिकन-३ चं. दोन्ही जुळले तरच संकेत.

अप्टामर (विशिष्ट लक्ष्याला धरणारा डीएनएचा छोटा धागा) वापरणारे अनेक जण टीएलएस११ए हा ६३ न्यूक्लिओटाइडांचा डीएनए घेतात. तो हेपजी२ या प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींना चांगला धरतो. पण इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. हेपजी२ पेशी १५ वर्षांच्या मुलाच्या गाठीतून काढल्या होत्या आणि ती गाठ हिपॅटोब्लास्टोमा, म्हणजे बालवयातला वेगळा कर्करोग होता. त्या एपकॅमही भरपूर दाखवतात. फक्त हेपजी२ वर तपासलेला सेन्सर प्रौढांच्या कर्करोगावर चालेलच असं नाही. सोबत एचयूएच-७ आणि हेप३बी घ्याव्यात. एसके-हेप-१ हे नाव फसवं आहे, त्या पेशी रक्तवाहिनीच्या अस्तरासारख्या वागतात. आणि ‘निरोगी यकृतपेशी’ म्हणून नियंत्रणाला वापरलेल्या एल-०२ पेशी प्रत्यक्षात हेला (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या) पेशींनी दूषित असल्याचं सिद्ध झालं आहे. त्यांच्याशी तुलना करून काढलेली विशिष्टता बाजूला ठेवावी.

इलेक्ट्रोड तयार करताना

सोन्याचा २ मिलिमीटर व्यासाचा चकती-इलेक्ट्रोड घेऊ. भौमितिक क्षेत्रफळ ०.०३१४ चौरस सेंटिमीटर. १, ०.३ आणि ०.०५ मायक्रोमीटर अशा क्रमाने अॅल्युमिनाच्या लगद्यावर प्रत्येकी दोन-तीन मिनिटं घासायचा, इंग्रजी आठच्या आकारात, दाब सारखा ठेवून. प्रत्येक पायरीला वेगळं कापड. त्यानंतर इथेनॉलमध्ये आणि मग पाण्यात पाच-पाच मिनिटं सोनिकेटरमध्ये. अॅल्युमिनाचे कण उरले तर पुढे थर ठिपक्याठिपक्यांनी बसतो, आणि हा दोष कुठल्याच आलेखात सरळ दिसत नाही.

पुढे ०.५ मोलर गंधकाम्लात ० ते १.५ व्होल्ट, चांदी-चांदी क्लोराइडच्या संदर्भाने, सेकंदाला १०० मिलिव्होल्ट वेगाने २० ते ३० चक्रं. एकावर एक आलेख जुळले की थांबायचं. ०.९ व्होल्टच्या आसपास सोन्याच्या ऑक्साइडचं क्षपणशिखर येतं. त्याखालचा विद्युतभार मोजला आणि ३९० मायक्रोकूलंब प्रति चौरस सेंटिमीटरने भागला की खरं क्षेत्रफळ मिळतं. समजा २० मायक्रोकूलंब आले, तर खरं क्षेत्रफळ ०.०५१ आणि खडबडीतपणा १.६. हा आकडा प्रत्येक इलेक्ट्रोडसाठी लिहून ठेवावा. दोन इलेक्ट्रोडांत तो १.३ आणि २.२ असेल तर त्यांच्यावर बसलेल्या अप्टामरची संख्याही तितकीच वेगळी असणार, आणि मग पेशींमुळे पडलेला फरक त्या गोंधळात हरवतो. या आम्लात क्लोराइड शिरता कामा नये. वरच्या व्होल्टेजला क्लोराइड सोनं विरघळवतो, म्हणून संदर्भ इलेक्ट्रोड गळका असेल तर आधी तो बदला.

तपासणीसाठी ५ मिलिमोलर फेरीसायनाइड आणि तेवढंच फेरोसायनाइड, पीबीएसमध्ये (रक्ताइतक्या खारट फॉस्फेट बफरमध्ये). पुष्कळ जण ०.१ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये बनवतात. नुसत्या इलेक्ट्रोडसाठी ते ठीक आहे, पण जिवंत पेशींसाठी ते द्रावण रक्ताच्या मानाने पातळ पडतं, पेशी फुगतात आणि इलेक्ट्रोडचा विद्युत-रोध आपोआप बदलतो. शिखरांतलं अंतर ७० ते ९० मिलिव्होल्ट आलं तर पृष्ठभाग चांगला, १२० च्या वर गेलं तर परत घासायला घ्या. हे द्रावण रोज ताजं करावं आणि प्रकाशापासून झाकून ठेवावं. जुनं झालं की त्यातून थोडं सायनाइड सुटतं, ते सोनं खातं, आणि काहीही न लावलेल्या इलेक्ट्रोडचाही रोध हळूहळू सरकू लागतो. हे द्रावण आम्लात कधीही मिसळू नये, टाकाऊ बाटलीतसुद्धा नाही.

थायॉल (सोन्याला चिकटणारा गंधकगट) जोडलेला अप्टामर बाटलीत जोड्या करून बसलेला असतो. १०० मायक्रोमोलरचा १ मायक्रोलिटर अप्टामर आणि १० मिलिमोलरचे २ मायक्रोलिटर टीसीईपी (त्या जोड्या सोडवणारं रसायन) एकत्र करून अंधारात एक तास ठेवावं. मग १ ते ५ मिलिमोलर मॅग्नेशियम असलेल्या बफरने १०० मायक्रोलिटरपर्यंत वाढवलं की १ मायक्रोमोलर द्रावण मिळतं. ९५ अंशांवर ५ मिनिटं तापवून १५-२० मिनिटांत खोलीच्या तापमानाला येऊ द्यावं. घडी नीट बसण्यासाठी हा वेळ लागतोच. टीसीईपी फॉस्फेट बफरमध्ये टिकत नाही, त्यामुळे महिनाभर फ्रिजमध्ये पडलेलं द्रावण वापरून ‘अप्टामर बसत नाही’ अशी तक्रार करू नये.

इलेक्ट्रोडवर २० मायक्रोलिटर टाकून ओलसर डबीत रात्रभर ठेवावं. थेंब सुकला तर तो इलेक्ट्रोड बाद. दुसऱ्या दिवशी १ मिलिमोलर मर्कॅप्टोहेक्सानॉल, एक तास. ते मोकळ्या जागा भरतं आणि आडवे पडलेले अप्टामर उभे करतं. ते रात्रभर ठेवलं तर अप्टामरलाच हुसकावून लावतं. अप्टामर जास्त दाट बसला तरी पेशी कमी पकडल्या जातात, कारण घडी बसायला जागा राहत नाही. म्हणून ०.१, ०.३ आणि १ मायक्रोमोलर असे तीन करून पाहावेत आणि सर्वांत जास्त पेशी धरणारा निवडावा, सर्वांत जास्त रोध दाखवणारा नव्हे.

अँटिबॉडी वापरायची असेल तर कार्बॉक्सिल टोकाचा थर, त्यावर ०.४ मोलर ईडीसी आणि ०.१ मोलर एनएचएस ही जोडणारी रसायनं १५ ते ३० मिनिटं, धुवून लगेच २० ते ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर अँटिबॉडी, शेवटी १ मोलर इथेनॉलअमाइन, पीएच ८.५. ईडीसीची बाटली शीतपेटीतून काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, आत दव धरलं की पावडर निकामी होते. ट्रिस बफर वर्ज्य, त्यात अमाइन आहे. आणि अँटिबॉडीच्या बाटलीवरचं लेबल वाचा: आत स्थिरतेसाठी बीएसए (गाईचं अल्ब्युमिन) घातलेलं असेल तर इलेक्ट्रोडवर मुख्यतः तेच बसणार.

रोध मोजण्यासाठी १०० किलोहर्ट्झ ते ०.१ हर्ट्झ आणि १० मिलिव्होल्ट. स्वच्छ सोन्यावर भारवहनाचा रोध शंभर-दोनशे ओहमच्या घरात असतो. अप्टामर बसला की तो वाढतो, कारण डीएनएचा ऋणभार फेरोसायनाइडला ढकलतो. वाढ अजिबात दिसली नाही, तर पुढे पेशी टाकू नका.

दहा पेशी दिसतील का?

आता एक हिशेब, जो करायला पाच मिनिटं लागतात आणि कित्येक निबंध तो करत नाहीत. हेपजी२ पेशीचा व्यास १५ मायक्रोमीटर धरला तर तिची सावली १७७ चौरस मायक्रोमीटर. २ मिलिमीटरच्या चकतीचं क्षेत्रफळ ३१.४ लाख चौरस मायक्रोमीटर. एक पेशी झाकते ०.००६ टक्के, दहा पेशी ०.०६ टक्के. एक टक्का झाकायला १७५ हून अधिक पेशी लागतात. आणि सारख्याच पद्धतीने बनवलेल्या दोन इलेक्ट्रोडांतला फरक ५ ते १० टक्के सहज असतो. मग मोठ्या चकतीवर, लेबल न लावता, निव्वळ अडथळ्यामुळे पाच-दहा पेशी दिसल्या हा दावा पटायचा कसा? बदललेला रोध बहुधा पेशींसोबत आलेल्या प्रथिनांचा किंवा मेलेल्या पेशींच्या तुकड्यांचा असतो.

यातून दोन रस्ते निघतात. इलेक्ट्रोड लहान करायचा: ३० मायक्रोमीटरच्या चकतीवर एक पेशी २५ टक्के जागा झाकते, संकेत ठळक मिळतो. पण ती पेशी नेमकी त्या चकतीवर यायला हवी, म्हणून अशा शेकडो चकत्यांची रांग आणि पेशींना वर आणणारा प्रवाह लागतो. नाहीतर संकेत वाढवायचा: पकडलेल्या पेशीवर दुसरी अँटिबॉडी, तिच्यावर पेरॉक्सिडेज विकर, आणि त्या विकराचं खाद्य म्हणून टीएमबी आणि हायड्रोजन पेरॉक्साइड. पेशीवर हजारो खुणा असतात आणि प्रत्येक विकररेणू सतत उत्पादन करत राहतो, त्यामुळे एका पेशीमागे मोजण्याइतका प्रवाह मिळू शकतो. मात्र रिकाम्या पृष्ठभागावर चिकटलेलं थोडं विकरही तितकंच काम करतं. म्हणून पेशी नसलेले किमान दहा इलेक्ट्रोड मोजून त्यांच्या प्रमाणविचलनाची तिप्पट हीच खालची मर्यादा धरावी. एकच इलेक्ट्रोड दहा वेळा मोजून काढलेलं विचलन इथे चालत नाही.

इतर तंत्रांबद्दल थोडक्यात. पृष्ठीय प्लाझ्मॉनचा प्रकाश पृष्ठभागापासून सुमारे २०० नॅनोमीटरच पाहतो, म्हणजे पेशीचा फक्त तळ. क्वार्ट्झ स्फटिकावर पेशी लिबलिबीत असल्याने वजनाचं साधं सूत्र लागू पडत नाही. ट्रान्झिस्टरवरच्या सेन्सरला शरीरातल्या मिठाच्या प्रमाणात एका नॅनोमीटरच्याही आत दिसतं. मीठ पातळ करावं तर पेशी फुटतात, तेव्हा सुक्रोज घालून परासरण दाब सांभाळावा लागतो.

पेशी हाताळताना होणाऱ्या चुका

पेशी तबकातून सोडवायला ट्रिप्सिन वापरलं की त्या सुटतात खऱ्या, पण पृष्ठभागावरची प्रथिनंही कापली जातात, म्हणजे ज्या खुणेला सेन्सर धरणार तीच जाते. त्याऐवजी २ मिलिमोलर ईडीटीए वापरून, नंतर कॅल्शियम-मॅग्नेशियम असलेल्या पीबीएसने दोनदा धुवावं. ट्रिपॅन ब्लूने जिवंतपणा तपासावा, ९५ टक्क्यांखाली असेल तर तो गठ्ठा वापरू नये. मेलेल्या पेशी कोणताही डीएनए शोषून घेतात, अप्टामर कितीही विशिष्ट असो. बफरमध्ये मिलिलिटरला ०.१ मिलिग्रॅम साल्मनचा डीएनए किंवा यीस्टचा टीआरएनए घातला तर हा त्रास बराच कमी होतो.

दहा लाखांपासून दहापटींनी पातळ करत खाली जाऊन ‘१० पेशी’ मिळाल्या असं मानणं धोक्याचं. शेवटच्या दोन पायऱ्यांत पॉइसाँ परत येतो, शिवाय पेशी प्लास्टिकला चिकटतात आणि नळीच्या तळाशी बसतात. १५ मायक्रोमीटरची पेशी पाण्यात सेकंदाला सुमारे ६ मायक्रोमीटर खाली जाते, म्हणजे २ मिलिमीटर उंचीचा थेंब पाच-सहा मिनिटांत तळाशी रिकामा होतो. प्रत्येक पिपेटिंगपूर्वी हळुवार ढवळणं, नळ्या १ टक्का बीएसएने आधी ओल्या करणं, आणि २० पेशींच्या खाली सरळ सूक्ष्मदर्शकाखाली मोजून उचलणं हेच योग्य. याच वेगामुळे थेंब एक तास ठेवायची गरज नसते. २० ते ३० मिनिटं पुरतात आणि तेवढ्याने प्रथिनांचा चिकटाही कमी बसतो.

धुताना ट्वीन (साबणासारखं द्रव्य) घालू नये, ते पेशींचं आवरण कमकुवत करतं. जोराची धार मारली तर पकडलेल्या पेशी निघून जातात, आणि न धुतल्यासारखं केलं तर नको त्या राहतात. प्रवाह पंपानेच द्यावा, हाताने नाही. प्रत्येक प्रयोगात अप्टामरचीच अक्षरं उलटसुलट केलेला नियंत्रण इलेक्ट्रोड शेजारी असावा, आणि निकाल या दोघांतल्या फरकावर द्यावा. शेवटी पेशी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली मोजाव्यात. विद्युत-संकेत आणि डोळ्यांनी मोजलेली संख्या जुळली नाही, तर संकेतावर विश्वास ठेवू नये.

खरं रक्त

रक्त काढताना पहिली नळी बाजूला ठेवावी. सुईबरोबर त्वचेच्या पेशी येतात, आणि त्यांच्यावर एपकॅमसारख्या खुणा असू शकतात. ईडीटीएच्या नळीत रक्तात सुमारे साडेचार मिलिमोलर ईडीटीए होतं. ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही बांधतं. अप्टामरच्या घडीला मॅग्नेशियम लागतं आणि एशियालोग्लायकोप्रोटीन ग्राहक आपली साखर कॅल्शियमशिवाय धरूच शकत नाही, तेव्हा त्या साखरेने पेशी पकडायच्या असतील तर हे रक्त जसंच्या तसं चालत नाही. बफरमध्ये उत्तम चाललेला सेन्सर रक्तात गप्प बसण्याचं हे नेहमीचं कारण. त्यावर सरळ कॅल्शियम टाकलं तर रक्त गोठतं. आधी प्लाझ्मा काढून पेशी धुवाव्यात आणि मगच कॅल्शियम असलेल्या बफरमध्ये घ्याव्यात. साध्या ईडीटीए नळीतलं रक्त चार तासांच्या आत प्रक्रियेला घ्यावं.

लाल पेशी फोडायला १५५ मिलिमोलर अमोनियम क्लोराइड, १० मिलिमोलर पोटॅशियम बायकार्बोनेट, ०.१ मिलिमोलर ईडीटीए. दहा मिनिटं, मग ३०० जी वर पाच ते दहा मिनिटं फिरवणं. प्रत्येक फिरवणीत काही पेशी जातात, त्यामुळे पायऱ्या जितक्या कमी तितकं बरं. आणि जाणाऱ्या पेशी मोजायलाच हव्यात: रंगवलेल्या ५० पेशी निरोगी रक्तात घालून शेवटी किती परत मिळतात, ते पाहावं.

आता पांढऱ्या पेशी. मिलिलिटरला ५० लाख धरल्या तर ७.५ मिलिलिटरमध्ये पावणेचार कोटी. त्यातली दहा हजारांत एक जरी उगाच चिकटली तरी ३,७५० पेशी झाल्या, आणि आपण शोधतो आहोत पाच. सीडी४५ या पांढऱ्या पेशींवरच्या खुणेला धरणाऱ्या चुंबकीय मण्यांनी आधी ९९.९ टक्के काढल्या तरी ३७,५०० उरतात. एकट्या खुणेवर हे गणित कधीच जमत नाही. पकडीची खूण एक आणि लेबलची वेगळी ठेवण्याचा आग्रह यासाठी आहे.

तुलना कोणाशी

या तपासणीची गरज मुख्यतः सिरोसिस असलेल्यांना, आणि हिपॅटायटिस बी असलेल्या काही जणांना. आज त्यांच्यासाठी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि सोबत एएफपी असा रिवाज आहे. गाठीचं आकारमान दुप्पट व्हायला साधारण चार ते सहा महिने लागतात, म्हणून हे अंतर. एकट्या सोनोग्राफीला लवकरच्या टप्प्यातल्या गाठी सुमारे ४५ टक्के सापडतात, एएफपी जोडल्यावर ६३ टक्के. नव्या सेन्सरला याच्याशी टक्कर द्यायची आहे.

त्यामुळे नियंत्रण गटात तरुण निरोगी रक्तदाते घेऊन काढलेली विशिष्टता निरुपयोगी ठरते. सिरोसिसच्या रक्तात बिलिरुबिन जास्त, अल्ब्युमिन कमी, अँटिबॉडी वाढलेल्या, आणि या प्रत्येकाचा पृष्ठभागावरच्या चिकट्यावर परिणाम होतो. सिरोसिस असलेल्या १,००० जणांची एका फेरीत तपासणी केली आणि त्यात १० जणांना कर्करोग असला, असं धरू. संवेदनशीलता (कर्करोग असलेले ओळखण्याचं प्रमाण) ९० आणि विशिष्टता (कर्करोग नसलेल्यांना ‘नाही’ म्हणण्याचं प्रमाण) ९० टक्के असेल तर ९ खरे सापडतील आणि ९९ जणांना विनाकारण धक्का बसेल. विशिष्टता ९८ वर नेली तर विनाकारण घाबरलेले २० च उरतात. संवेदनशीलता ९० वरून ९५ करण्यापेक्षा या माणसांसाठी विशिष्टतेचे ते आठ टक्के कितीतरी मोलाचे.

सेन्सर ‘आहे’ म्हणाला तरी कुठे आहे ते तो सांगत नाही. पुढे कॉन्ट्रास्ट देऊन वेगवेगळ्या टप्प्यांत काढलेला सीटी किंवा एमआरआय लागतोच. सोनोग्राफीत दिसलेली गाठ १ सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी असेल तर लगेच स्कॅन, त्याहून लहान असेल तर तीन ते सहा महिन्यांनी परत सोनोग्राफी, असा नियम ठरलेला आहे. सेन्सर ‘आहे’ म्हणतो पण स्कॅनमध्ये काहीच नाही, अशा माणसाचं पुढे काय करायचं, हे चाचणी सुरू होण्याआधीच लिहून ठेवावं लागतं: पुन्हा रक्त किती दिवसांनी घ्यायचं, किती मिलिलिटर, आणि लागोपाठ किती वेळा ‘आहे’ आलं तर स्कॅन परत करायचा.